व्याधी वेगळी, आळस वेगळा

आपण सीमाभागातली माणसे दोन भाषांत जगतो. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि रागावलो म्हणजे जी आधी तोंडात येईल ती. या दोन भाषांचे फारसे पटत नाही असे वरवर दिसते. पण एका शब्दाबाबत त्यांचे विलक्षण एकमत आहे. मराठीत ‘वेड’ आणि कन्नडात ‘हुच्चु’. नाटकाचे वेड, वाचनाचे वेड, विठ्ठलाचे वेड असे आपण म्हणतो तेव्हा त्यात कौतुक असते. कन्नडातही सिनेमाचे ‘हुच्चु’ असलेला पोरगा हसण्यावारी नेला जातो. मात्र हाच शब्द आजार होऊन एखाद्या घराच्या उंबऱ्याशी आला, की दोन्ही भाषांतले कौतुक आटते. आवाज खाली येतो, खिडक्या लावून घेतल्या जातात.

गावांची नावेसुद्धा आपण यात बदनाम केली. तिकडे ठाणे आणि येरवडा, इकडे धारवाड. ज्या धारवाडात घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्रे यांच्या हातून कन्नडची थोर कविता लिहिली गेली आणि १९७३ चे ज्ञानपीठ ज्यांच्यामुळे त्या गावाकडे आले, त्या गावाचे नाव आपण ‘याला आता धारवाडला न्यायला हवे’ या टोमण्यासाठी वापरतो. जिथे माणसे बरी होतात त्या जागेचे नाव शिवी म्हणून वापरणारा समाज आजारी माणसाला उपचाराकडे कसा पाठवणार? म्हणून मग बेळगावचा माणूस कोणी ओळखू नये म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे जातो, कोल्हापूरचा मिरजेला जातो, आणि दोघेही बसमध्ये शेजारी भेटले तर ‘लग्नाला चाललोय’ असे सांगतात.

या लपवाछपवीत अलीकडे योगाची भर पडली आहे, आणि त्याविषयीच मला लिहायचे आहे. २०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जातो. शाळांच्या पटांगणांवर सतरंज्या पडतात, मुले सूर्यनमस्कार घालतात, ही चांगलीच गोष्ट आहे. सकाळी अर्धा तास आसने आणि शांत श्वसन करणाऱ्याची झोप सुधारते, चिडचिड कमी होते, मनाला जरा उसंत मिळते, हा अनुभव अनेकांचा आहे. प्रश्न तिथे नाही. प्रश्न पुढे आहे. ‘योगाने मन ताब्यात येते’ हे एकदा मान्य केले, की ज्याचे मन ताब्यात नाही तो प्रयत्नातच कमी पडला, असा निष्कर्ष आपण नकळत काढतो. उपदेशाचा आरोप होतो. आजार हा चारित्र्याचा दोष ठरतो.

माझ्या पाहण्यातले एक घर सांगतो. मुलगा हुशार, पुण्यात शिकायला गेलेला. दुसऱ्या वर्षी झोप उडाली, लोक आपल्याविषयीच बोलतात असे वाटू लागले, कानात आवाज येऊ लागले. घरी आणले, औषधे सुरू झाली आणि वर्षभरात तो सावरला. पुढे एका शिबिरात कोणीतरी सांगितले की गोळ्या म्हणजे विष, प्राणायामाने सगळे शुद्ध होते. घरच्यांनी हे आनंदाने मानले. हा आनंद मला फार बोलका वाटतो. ‘मुलगा योगवर्गाला जातो’ हे चार लोकांत सांगता येत होते; ‘मानसोपचार घेतो’ हे सांगता येत नव्हते. गोळ्या बंद झाल्या. चार महिन्यांत आजार उलटला, आणि तेव्हा घरात पहिला प्रश्न विचारला गेला तो मुलालाच: ‘तू नेमाने करत नव्हतास का?’ तो करत होता. कोणाहीपेक्षा नेमाने करत होता.

आता ज्या ग्रंथाच्या नावाने हे सगळे चालते तो ग्रंथ काय म्हणतो ते पाहू. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्याच पादात चित्ताला विक्षिप्त करणारे नऊ अडथळे सांगितले आहेत. त्यांत पहिला अडथळा आहे व्याधी. आलस्य आहे, पण ते पाचवे. दोन वेगळी नावे, दोन वेगळ्या जागा. व्याधी म्हणजे आळस नव्हे आणि आळस म्हणजे व्याधी नव्हे, इतका साधा विवेक ज्याने केला, त्याच्याच नावाने आपण आजारी माणसाला आळशी, दुबळा, मन न लावणारा ठरवतो! आणखी थोडे पुढे, सुखी माणसाशी मैत्रीने आणि दुःखी माणसाशी करुणेने वागल्याने चित्त प्रसन्न होते असे ते सांगतात. म्हणजे शेजारच्या घरातले दुःख पाहून आपण जे वागतो, तोही आपल्या योगाचाच भाग. अष्टांगांत आसन तिसरे येते. त्याआधी यम आणि नियम येतात, आणि यमांत पहिली अहिंसा, दुसरे सत्य. टोमणा ही हिंसाच आहे, आणि लग्नाचा बहाणा हे असत्य.

कोणी म्हणेल, सर, सगळेच आजारावर ढकलले तर माणसाची जबाबदारी उरली कुठे? समर्थांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक लिहिले ते व्यर्थ का? आक्षेप टाकाऊ नाही. मनाला उपदेश करता येतो, कारण मन ऐकू शकते. परंतु ज्या मनाने ऐकायचे तेच आजारी पडले असेल, तर आधी त्याला ऐकण्याच्या स्थितीत आणावे लागते. पूर्वी वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला फळ्यावरचे दिसले नाही, तर त्याचे लक्ष नाही म्हणून त्याला छड्या बसत. चष्मा लागल्यावर कळे की लक्ष होते, दृष्टी नव्हती. चष्मा त्याच्यासाठी अभ्यास करत नाही; अभ्यास त्यालाच करावा लागतो. पण कितीही अभ्यास केला तरी डोळ्याचा नंबर जात नाही. औषध आणि साधना यांचे नाते मला असेच दिसते. आजारी पडण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. बरे होण्याची थोडी त्याची असते, आणि बरीचशी भोवतालच्या माणसांची.

ही थोड्यांची गोष्ट नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून होते. दहा माणसांच्या पंगतीत एक पान, असा याचा अर्थ. याच निम्हान्समध्ये योगावर संशोधन होते आणि औषधांच्या जोडीने योग शिकवलाही जातो. तिथे दोहोंचे भांडण नाही. भांडण आपल्या ओसरीवर आहे. तीव्र आजारात दीर्घ ध्यान किंवा वेगवान श्वसनक्रिया डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत, आणि गोळ्या तर त्यांच्या सल्ल्याशिवाय कधीच थांबवू नयेत, एवढे तरी प्रत्येक योगवर्गाने पहिल्या दिवशी सांगावे.

कायदा आपल्यापुढे गेला आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘लुनसी’ हा शब्द होता. १९८७ मध्ये तो गेला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला उपचारांचा व सन्मानाचा हक्क दिला. विमा कंपन्यांनीही मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा असे त्यात आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा मराठीत आणि कन्नडातही विनामूल्य बोलते. परंतु कायद्याला ओसरीवरची कुजबुज ऐकू येत नाही. ती आपल्यालाच थांबवावी लागेल.

त्या मुलाच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तो सकाळी प्राणायामही करतो, आणि वडिलांच्या दुकानाचे हिशेब बिनचूक लिहितो. त्याच्यासाठी स्थळ पाहायचे की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. मधुमेह असता तर एव्हाना साखरपुडा झाला असता. खरे सांगून नाते जोडायला तयार असलेले एखादे घर मिळेल का, हा त्याच्या आईचा प्रश्न आहे. तो प्रश्न डॉक्टरांसाठी नाही आणि पतंजलींसाठीही नाही. तो तुमच्या-माझ्यासाठी आहे.