मुक्काम कोणाच्या इच्छेने?

नोकरीसाठी परदेशी पाठवला गेलेला मनुष्य त्या देशात प्रवासी असतो की रहिवासी, हा प्रश्न आजचे करविषयक आणि सामाजिक विम्याचे कायदे मुख्यतः दिवस मोजून सोडवतात. भारतात वर्षातून १८२ दिवस देशात राहणे ही प्राप्तिकरासाठी निवासी ठरण्याची एक प्रमुख कसोटी आहे. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांत १८३ दिवसांची मर्यादा वारंवार आढळते. आणि युरोपीय संघात एका सदस्यदेशातून दुसऱ्यात धाडलेला कर्मचारी, त्याचे काम २४ महिन्यांपेक्षा अधिक चालण्याची अपेक्षा नसेल, तर मूळ देशाच्याच विमायोजनेत राहू शकतो. मोजणीने वाद लवकर मिटतात, यात शंका नाही. धर्माचा आचार सांगणाऱ्या परंपरांना मात्र एवढ्याने भागत नाही, कारण माणूस एखाद्या ठिकाणी राहण्याचे मनाशी ठरवून आला आहे काय, हे पाहिल्याशिवाय त्याचे कर्तव्य सांगता येत नाही असे त्या मानतात. मग ज्याची बदली मालकाने केली, मुदत मालकाने ठरवली आणि परतीचा दिवसही मालकच सांगणार, त्याच्या मनाशी ठरवण्याला कितपत अर्थ उरतो, हा प्रश्न उभा राहतो.

त्याचा सर्वांत बारकाईने विचार इस्लामी फिक्हमध्ये, म्हणजे आचार व व्यवहार यांच्या नियमांचा ऊहापोह करणाऱ्या शास्त्रात, झालेला आहे. ठरावीक अंतरापलीकडे गेलेला मुसाफिर दुपारची, तिसऱ्या प्रहरची आणि रात्रीची चार रकातींची, म्हणजे चार आवर्तनांची, नमाज दोन रकातींत अदा करतो. या संक्षेपाला कसर म्हणतात. शुक्रवारची सामूहिक नमाज त्याच्यावर बंधनकारक नसते आणि रमजानचा रोजा त्याला पुढे ढकलता येतो. या सवलती संपतात त्या तो मुकीम, म्हणजे मुक्काम केलेला, ठरल्यावर. आणि मुकीम होण्यासाठी नियत, म्हणजे निश्चित हेतू, लागते. भारतातील बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी पंथाचे आहेत त्यात एका गावी पंधरा दिवस राहण्याची नियत केली की मनुष्य मुकीम होतो. शाफई पंथात ही मुदत येण्याजाण्याचे दिवस वगळून चार दिवसांची आहे, आणि कोकणी मुसलमान परंपरेने शाफई असल्याने रत्नागिरी-रायगडकडून आखाती देशांत नोकरीस गेलेल्या कित्येकांना लागू पडतो तो हाच नियम. दिवसांचा आकडा येथेही आहेच, परंतु मोजले जातात ते राहण्याचा बेत केलेले दिवस, आणि करकायद्याहून या शास्त्राचे वेगळेपण तेथेच आहे.

बेताला एवढे महत्त्व दिल्यावर, बेत करण्याची मोकळीकच ज्याला नाही त्याचे काय, या प्रश्नाला शास्त्रकारांना सामोरे जावेच लागले. हनफी ग्रंथांनी त्यासाठी ताबे आणि मतबू, म्हणजे मागून जाणारा आणि ज्याच्या मागे जायचे तो, अशी जोडी कल्पिली. सतराव्या शतकात दमास्कसमध्ये हस्कफी यांनी लिहिलेल्या ‘अद्-दुर्र अल्-मुख्तार’ या ग्रंथात ताबे कोण याची यादी येते. तीत गुलाम, पत्नी, अमीराकडून, म्हणजे सेनानायकाकडून, किंवा सरकारी खजिन्यातून निर्वाह होणारा सैनिक, कैदी आणि शिष्य आहेत, तसाच अजीर, म्हणजे मोलाने राबणारा नोकर, हाही आहे. या सर्वांच्या बाबतीत नियत धरायची ती मतबूची. मालकाने मुक्काम ठरवला की नोकर मुकीम होतो आणि मालक प्रवासात असला की नोकरही मुसाफिर राहतो. आजच्या वाचकाला हे कठोर वाटेल, कारण माणसाची प्रार्थना किती लांब असावी हेदेखील पगार देणाऱ्याच्या मनावर सोपवलेले दिसते. पण परदेशी नेमणुकीच्या करारांत कर्मचाऱ्याच्या ‘स्वेच्छेने’ दिलेल्या संमतीचा जो उल्लेख असतो, त्याच्यापेक्षा ही यादी अधिक प्रामाणिक आहे. ती परावलंबनाला परावलंबन म्हणते. आखाती देशांतील कफाला पद्धतीत परदेशी कामगाराचे तेथील वास्तव्य कफीलशी, म्हणजे जामीन राहणाऱ्या मालकाशी, बांधलेले असते. कतारमध्ये बहुतेक कामगारांसाठी देश सोडताना लागणारी मालकाची परवानगी २०१८ साली रद्द झाली आणि नोकरी बदलण्यासाठी लागणारे त्याचे ना-हरकत पत्र २०२० साली. तोवर त्यांचे राहणेही मालकाच्या हाती होते आणि निघणेही.

शाफई मत मात्र येथे थोडे वेगळे वळण घेते. तेराव्या शतकातील शाफई शास्त्रकार नववी यांच्या ‘मिन्हाज’ या ग्रंथात असा प्रसंग कल्पिला आहे की गुलाम, पत्नी आणि सैनिक आपापल्या वरिष्ठामागे निघाले आहेत, पण कोठे जायचे हे त्यांना ठाऊक नाही. अशा तिघांनी कसरीला पुरेल एवढ्या अंतराची नियत स्वतःच केली, तर ती सैनिकाचीच ग्राह्य धरली जाते, इतर दोघांची नाही. कारण सैनिक सेनापतीच्या मागे जात असला तरी त्याच्या मालकीचा नसतो, असे टीकाकार सांगतात. पगार हा स्वामित्वाचा पुरावा होतो काय, या प्रश्नावर दोन पंथ असे दोन टोकांना उभे राहतात, आणि नोकराची गणना कोठे करायची हे त्याच उत्तरावर अवलंबून राहते.

हनफी मताला एक अट जोडलेली आहे आणि ती यादीइतकीच मोलाची आहे. मतबूने मुक्काम ठरवला, पण ताब्याला ते कळलेच नाही, तर अधिक ग्राह्य मतानुसार कळेपर्यंत ताबे मुसाफिरच राहतो. दुसऱ्याच्या अज्ञात इच्छेचा भार कोणावर टाकता येत नाही, असा याचा अर्थ होतो. त्यातून, ज्याची इच्छा दुसऱ्याला बांधते त्याने ती उघड करावी, असे कर्तव्यही निघते, जरी शास्त्रकार ते त्या शब्दांत मांडत नाहीत. ‘सध्या दोन वर्षे, पुढचे पुढे पाहू’ अशा नेमणुकीत नेमके हेच टाळले जाते. आज निघू, उद्या निघू म्हणणारा वर्षानुवर्षे मुसाफिर राहू शकतो, असे हनफी मानतात आणि आधारादाखल पैगंबरांचे सहचर इब्न उमर यांचे उदाहरण देतात. ते अझरबैजानात बर्फामुळे सहा महिने अडकले असता कसर करीत राहिले, अशी परंपरा आहे. पण तेथे वाट अडवली होती ती बर्फाने. व्यवस्थापनाने आपल्या सोयीसाठी राखलेली संदिग्धता निराळी, आणि तिला त्या सवलतीचा आधार देणे अवघड आहे. सौदी विद्वान इब्न उथयमीन यांनी, शिक्षणासाठी किंवा नेमून दिलेल्या कामासाठी गेलेला मनुष्य काम संपताच परतणार असेल तर कितीही वर्षे मुसाफिरच, असे बहुसंख्यांच्या विरुद्ध मत दिले. चार-पाच वर्षे एकाच शहरात घर करून राहणाऱ्याला प्रवासी म्हणणे मात्र बहुतेकांना पटले नाही.

यहुदी परंपरेत हाच प्रश्न सणाच्या दुसऱ्या दिवसावरून उठतो. इस्राएलाबाहेर राहणारे यहुदी प्रमुख सण एक दिवस अधिक पाळतात, आणि तेथून इस्राएलात आलेल्याने कोणती रीत पाळावी हे त्याला परतायचे आहे काय यावरून ठरते. येथे काही अधिकारी ग्रंथकार तोंडच्या शब्दावर विसंबत नाहीत. कुटुंबकबिल्यासह आलेला माणूस परत जाईन म्हणत असला, तरी पोटापाण्याची सोय लागली की तो राहतो, असे ते गृहीत धरतात. हा अनुभवाचा निष्कर्ष असून तो कंपन्यांनाही ठाऊक असावा, कारण मुलांच्या शाळेचा खर्च उचलणारी कंपनी कर्मचाऱ्याच्या परतण्याविषयी आपोआपच काही गृहीत धरत असते.

बौधायन धर्मसूत्रात हेतूचा असा विचार नाही. दक्षिणेकडील पाच आणि उत्तरेकडील पाच विशेष आचार सांगून (मामाच्या मुलीशी विवाह हा दक्षिणेतला, समुद्रप्रवास हा उत्तरेतला) एकीकडील आचार दुसरीकडे करणारा दोषी होतो, एवढेच ते सांगते. इंग्रजी कायदा याच्या अगदी उलट टोकाला गेला. विनान्स हा अमेरिकन धनिक सुमारे ३७ वर्षे मुख्यतः इंग्लंडात राहिला, तेथेच वारला, आणि तरीही १९०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचे कायमचे निवासस्थान इंग्लंड ठरत नाही असा निर्णय दिला. एवढी वर्षे मनाने परका राहण्याची चैन धनिकालाच परवडते. व्हिसाच्या मुदतीवर जगणाऱ्याच्या मनाची चौकशी कोणतेही न्यायालय इतक्या आस्थेने करीत नाही.

नमाजेच्या नियमांवरून मजुरीचे नियम काढू नयेत, असा आक्षेप घेता येईल आणि तो काही अंशी खरा आहे. ते नियम उपासकाला सुटका देण्यासाठी आहेत, मालकाला अधिकार देण्यासाठी नाहीत. परंतु ताब्यांच्या यादीतील एक पोटनियम या आक्षेपालाही पुरून उरतो. विवाहात ठरलेल्या मेहेरचा तत्काळ देय भाग पतीने चुकता केला असेल तरच पत्नी ताबे ठरते. तो मिळेपर्यंत त्याच्याबरोबर जाण्यास ती नकार देऊ शकते, म्हणून तोवर तिची नियत तिचीच असते. अनुगामी कोण हे येथे प्रेमाने वा आज्ञेने ठरत नाही, नकाराचा हक्क शिल्लक आहे की नाही यावर ठरते. हीच कसोटी परदेशी बदलीला लावली, तर बदली नाकारूनही ज्याची नोकरी आणि बढती शाबूत राहते तोच आपल्या मुक्कामाविषयी स्वतःची नियत करू शकतो. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर गेलेल्या पुण्याच्या अभियंत्यामागून एच-४ व्हिसावर जाणारी पत्नी तर ताब्याचीही ताबे असते. अशा पत्नींपैकी काहींना २०१५पासून काम करण्याची परवानगी मिळू लागली, पण तीही पतीच्या कायम निवासाच्या अर्जाची मजल कोठवर गेली आहे यावरच अवलंबून ठेवलेली आहे.