आई, आजी भूत झाली का?



गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस संध्याकाळच्या मिस्सानंतर एक तरुण आई मला भेटायला थांबली. पती बोटीवर, परत यायला अजून चार महिने. घरात दोन लहान मुले. सासूबाई त्याच पावसाळ्यात देवाघरी गेलेल्या. ती म्हणाली, "फादर, आमच्या सोसायटीत हॅलोविनची पार्टी आहे. मुले हट्ट धरून बसलीत. यांना विचारावे तर फोन लागत नाही. पाठवू की नको?"

मी घाईत होतो. "भुताखेतांचे सण आपले नाहीत, पाठवू नका," एवढेच बोलून मी सॅक्रिस्टीत गेलो.

आठवड्याने ती पुन्हा भेटली. तिने मुलांना पाठवले नव्हते. पण धाकट्याने खिडकीतून सांगाड्याचे मुखवटे घातलेली मुले पाहिली आणि रात्री अंथरुणात विचारले, "आई, आजी पण आता अशीच दिसते का? ती भूत झाली का?" ती मला म्हणाली, "फादर, मला उत्तरच सुचले नाही. दिवा चालू ठेवला आणि त्याला जवळ घेऊन पडून राहिले."

बंधुभगिनींनो, हे ऐकून मी खजील झालो. मी तिला 'नको' दिले होते. त्या 'नको'च्या जागी घरात काय ठेवायचे, ते दिले नव्हते.

खरे तर हॅलोविन हे नावच आपल्या ख्रिस्तसभेतून आलेले आहे. त्याचा अर्थ, सर्व पवित्र जनांच्या सणाची पूर्वसंध्या. पोप ग्रेगरी तिसरे (७३१-७४१) यांनी रोमच्या संत पीटर मंदिरात सर्व संतांच्या सन्मानार्थ एक छोटे प्रार्थनामंदिर अर्पण केले. पुढे ८३५ च्या सुमारास १ नोव्हेंबरचा सण पश्चिम युरोपातील फ्रँक साम्राज्यात पसरला. क्लुनी मठाचे मठाधिपती संत ओडिलो यांनी ९९८ च्या सुमारास आपल्या मठांत २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना सुरू केली. आयर्लंडमध्ये याच दिवसांत हिवाळ्याच्या आरंभाचा जुना लोकोत्सव होता. तिथले लोक सलगम कोरून त्यात दिवा लावीत. १८४० च्या दशकातील दुष्काळात असंख्य आयरिश लोक अमेरिकेत गेले, तिथे सलगमऐवजी भोपळा मिळाला. मग बाजार आला. मुखवटे राहिले, संत मागे पडले. म्हणजे आपल्या सणाचे टरफल आपल्याकडे परत आले. आतला गर आपणच मुलांना द्यायचा आहे.

त्या मुलाला काय सांगावे? आईकडेच उत्तर होते. त्याचे बाबा डोळ्यांना दिसत नाहीत, कधी कधी फोनही लागत नाही. म्हणून बाबा नाहीतच, असे तो म्हणतो का? बाबांचे प्रेम घरात आहे, हे त्याला ठाऊक आहे. तसेच बाळा, आजी भूत नाही. बाप्तिस्म्यात ती देवाचे लेकरू झाली आणि देव आपले लेकरू हातातून सोडत नाही. आपण तिच्यासाठी प्रार्थना करतो, ती आपल्यासाठी करते. यालाच आपण श्रद्धांगीकारात संतांचा समागम म्हणतो.

या वर्षी ३१ ऑक्टोबरला घरात एक मेणबत्ती लावा. मुलांना आपल्या नावाचा संत कोण, ते सांगा. सजायची हौस असेल तर डोक्यावर ओढणी घेऊन मदर तेरेजा होऊ द्या, खांद्यावर बाहुली-कोकरू घेऊन संत आग्नेस होऊ द्या. आजीचा फोटो पुढे ठेवून एक 'हे आमच्या बापा' म्हणा. फोन लागला तर बाबांनाही त्यात घ्या. नाही लागला तर त्यांचे नाव घ्या. २ नोव्हेंबरला मुलांना दफनभूमीत घेऊन या. फुले त्यांच्या हातांनी वाहू द्या. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत तेथे मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेला ख्रिस्तसभेने विशेष कृपा जोडली आहे. फुलांनी भरलेली कबर ज्याने पाहिली, त्याला मुखवट्याची भीती वाटणार नाही. आणि एखाद्या आईने मुलांना पार्टीला पाठवले असेल, तर तिला नावे ठेवू नका. मुले घरी आल्यावर तीच मेणबत्ती त्यांच्यासाठीही लावता येते.

शेवटी एक विनंती. आपल्या धर्मग्रामात अनेक घरांतील बाबा बोटीवर किंवा आखातात आहेत. आईला एकटीला दोन मुले घेऊन संध्याकाळी दफनभूमीत येणे सोपे नसते. शेजाऱ्यांनो, त्या दिवशी तिचे दार वाजवा. एका मुलाचे बोट तुम्ही धरा. आठ धन्योद्‍गारांत प्रभूने दयाळूंना धन्य म्हटले आहे. संत होण्याची सुरुवात अशा एका बोटापासून होते.

सर्व संतांनो, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.

तुमचे धर्मगुरू