देश तसा वेश

‘देश तसा वेश’ ही म्हण आपण इतक्या सहजतेने वापरतो, की तिच्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे याची जाणीवही आपल्याला होत नाही. परदेशी निघालेल्या माणसाला वडीलधारे ती उपदेश म्हणून सांगतात. आणि तोच माणूस परत आला, की बदललेल्या वेशाबद्दल त्यालाच बोल लावतात. म्हणजे म्हण आपल्याला मान्य आहे, तिचा परिणाम मात्र मान्य नाही. ही विसंगती केवळ मागच्या पिढीची नव्हे. आजही हैदराबादेहून शिक्षणासाठी अमेरिकेस निघालेल्या मुलामुलींच्या पेट्या घरोघरी भरल्या जातात. बेगम बाजारातून सुका मेवा येतो, मसाले येतात, आणि साऱ्यांचे वजन काट्यावर पाहिले जाते. परंतु लुगडे बरोबर न्यावे की नाही, कुंकू लावावे की नाही, या प्रश्नांना काटा नाही. ते विवेकानेच तोलावे लागतात.

या प्रश्नाचा बेगम बाजाराशी एक जुना ऋणानुबंध आहे. मुसी नदीच्या उत्तर तीरावरील ही पेठ पूर्वीपासून सावकारांची आणि घाऊक व्यापाऱ्यांची. १८९३ च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद हैदराबादेस आले. १३ फेब्रुवारीस सिकंदराबादच्या महबूब कॉलेजात, आपण पश्चिमेकडे कशासाठी जाऊ इच्छितो, या विषयावर त्यांचे व्याख्यान झाले. त्यानंतर शेठ मोतीलाल यांच्या पुढाकाराने बेगम बाजारातील सावकार त्यांना भेटले आणि वाटखर्चाचा भार उचलण्याचे त्यांनी आश्वासन दिले. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो असे मानणारे लोक समाजात पुष्कळ होते, त्या काळात हे औदार्य लहान नव्हते.

स्वामीजींनी ३१ मे रोजी मुंबईचा किनारा सोडला. खेतडीच्या राजांनी दिलेला रेशमी झगा आणि फेटा त्यांच्याबरोबर होता. एवढ्या सद्भावनेने पाठवणी झाली, तरी योकोहामाहून व्हँकूव्हरला जाताना, ऐन उन्हाळ्याचे दिवस असूनही, गरम कपड्यांवाचून त्यांचे फार हाल झाले. पुढे मॅसॅच्युसेट्समधून २० ऑगस्ट रोजी मद्रासच्या आपल्या शिष्यास लिहिलेल्या पत्रात वेशाचाच प्रश्न आहे. रस्त्याने जाताना लोक शेकड्यांनी पाहावयास जमतात. तेव्हा एरवी लांब काळा कोट घालावा आणि तांबडा झगा व फेटा व्याख्यानासाठी राखून ठेवावा, असे त्यांनी ठरविले. तेथील स्त्रियांचा सल्लाही तसाच होता. हिवाळ्याच्या साध्या कपड्यांना तीनशे रुपयांवर खर्च येणार, याची काळजीही त्या पत्रात आहे.

संन्याशाने शिंप्याकडे जावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु वस्त्राच्या बाबतीत ते पूर्वीपासूनच रूढीचे दास नव्हते. १८९२ च्या ऑक्टोबरात ते बेळगावास आले तेव्हा भगव्या वस्त्रांबरोबर बनियन घालणारा हा संन्यासी पाहून तेथील भाटे कुटुंबीयांस नवल वाटले होते. बेळगावाहून ते गोव्यात मडगावास गेले आणि राशोलच्या ख्रिस्ती धर्मपीठातील ग्रंथही त्यांनी पाहिले. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचा धर्म समजून घ्यावयाचा, आणि तसे करताना आपला गमवावयाचा नाही, ही त्यांची वृत्ती होती. अमेरिकेत त्यांनी जे केले ते याच वृत्तीला धरून होते. भगवा ही त्यांच्या व्रताची साक्ष. जेथे साक्ष द्यावयाची तेथे तो त्यांनी सोडला नाही. काळा कोट ही देहाची आणि व्यवहाराची सोय. ती स्वीकारताना त्यांना संकोच वाटला नाही.

साक्ष आणि सोय यांतील हा भेद आपल्याला परका नाही. देवघरात जाताना आपण कद किंवा मुकटा नेसतो, आणि पूजा आटोपली की तो सोडून कामाच्या कपड्यांत बाहेर पडतो. यात दांभिकपणा आहे असे कोणी म्हणत नाही. सोवळ्यातली धाबळी तर लोकरीचीच असते. जी लोकर देवापुढे शुद्ध, ती शिकागोच्या बर्फात अशुद्ध कशी होईल? थंडीपासून देह राखणे हे धर्मसाधनाचेच अंग आहे.

या बाबतीतील हयगयीची किंमत किती मोठी असते, हे आपण आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात पाहतो. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या या अठरा वर्षांच्या मुलीने आपला आहार आणि पोशाख न सोडण्याचा निश्चय केला होता. परंतु नऊवारी नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहतात, आणि फिलाडेल्फियाचा हिवाळा कोणाचा निश्चय पाहत नाही. अखेर अंग अधिक झाकणारी गुजराती पद्धतीची साडी त्यांनी पत्करली. एवढ्याशा बदलाचेही समर्थन त्यांना आपल्याच माणसांपुढे करावे लागले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने निवर्तल्या. कपड्यांमुळे मृत्यू आला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दूरदेशी एकट्या राहणाऱ्या मुलीच्या अंगावर उबेपेक्षा आपल्या अब्रूचे ओझे अधिक घालणाऱ्यांनी स्वतःला प्रश्न विचारावा, एवढे तरी खरे.

मग वेश बदलण्यात दोष नाहीच काय? आहे, पण तो वस्त्रात नसून हेतूत आहे. १८८८ साली गांधीजी पांढरे फ्लॅनेलचे कपडे घालून साउदॅम्प्टनला उतरले आणि तसा पोशाख केलेले आपण एकटेच आहोत हे पाहून शरमले. पुढे बाँड स्ट्रीटवरच्या सुटासाठी दहा पौंड खर्चून सभ्य गृहस्थ होण्याचा जो खटाटोप त्यांनी केला, त्याची कथा त्यांनीच आत्मचरित्रात सांगितली आहे. तेच गांधीजी १९३१ साली पंचा आणि शाल पांघरून इंग्लंडच्या राजाच्या भेटीस गेले. पहिल्या वेशामागे लोक काय म्हणतील ही भीती होती. दुसऱ्यामागे आपण कोणाचे आहोत ही जाणीव होती.

येथे आपल्यासारख्या देवस्थानाच्या छायेत वाढलेल्या लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘आपला वेश’ हे शब्द सर्वांना सारखे गोड वाटत नाहीत. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य म्हणून ओळख पटविणारी नेसण्याची पद्धत आणि दागिने टाकून देण्यास स्त्रियांना सांगितले. तो वेश त्यांनी निवडलेला नव्हता, त्यांच्यावर लादलेला होता. १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेल्या आणि पुढे आयुष्यभर कोट-पाटलोण वापरणाऱ्या या पुरुषाचा सूट अनुकरणाचा नव्हता, स्वाभिमानाचा होता. तेव्हा परक्या वेशातील प्रत्येक माणूस आपल्यांना विसरला, असा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

भयाचा प्रश्न याहून कठीण आहे. १९८७ साली न्यू जर्सीतील जर्सी सिटीत, कुंकवाच्या टिकलीची कुचेष्टा करणारे नाव घेतलेल्या टोळीने भारतीयांवर हल्ले केले. १५ सप्टेंबर २००१ रोजी ॲरिझोनातील मेसा गावी बलबीरसिंग सोधी यांचा, ते पगडी व दाढी राखणारे शीख होते म्हणूनच, खून झाला. अशा वेळी एखाद्या मुलीने रस्त्यावरून जाताना कुंकू पुसले, तर तिला भित्री म्हणू नये. तो आपद्धर्म आहे, आणि त्याचे पाप भय घालणाऱ्याच्या माथी आहे. कोणी संकट ओळखूनही आपले चिन्ह मिरविले, तर त्याचे धैर्य वंद्य मानावे. परंतु घरी सुरक्षित बसलेल्यांनी ते धैर्य दुसऱ्याकडून मागू नये.

याच्या उलट टोकालाही एक मोह उभा असतो. परक्यांनी कौतुक करावे म्हणून सणासुदीचे भरजरी वस्त्र वेळी-अवेळी मिरविणे ही निष्ठा नव्हे. तोही एक अहंकारच. आनंदीबाईंचे १८८५ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात त्या, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या तिघी आपापल्या देशाच्या वेशात शेजारी बसल्या आहेत. त्यांचे मोठेपण वस्त्रांच्या नवलाईत नव्हते. त्या वेशात राहून त्यांनी जी विद्या मिळविली तिच्यात होते.

सारांश, पेटी भरताना प्रत्येक वस्त्राला एकच प्रश्न विचारावा : हे कशासाठी? देहासाठी असेल तर निःशंक ठेवावे, मग ते कोणत्याही देशाचे असो. यजमानांच्या सोयीसाठी असेल तर आनंदाने ठेवावे, कारण पाहुण्यालाही धर्म असतो. आपल्या माणसांची लाज वाटते म्हणून असेल तर ते बाहेर काढावे. आणि आपल्या घरची साक्ष म्हणून एक साधे, स्वच्छ, नेसण्याजोगे वस्त्र तळाशी अवश्य असावे. ते कधी नेसावयाचे, हे नेसणाराच ठरवील.

पाठविणाऱ्यांचे कर्तव्य मात्र एवढ्याने संपत नाही. बेगम बाजाराच्या सावकारांनी वाटखर्चाचा विचार केला, ही त्यांची थोरवी. आज वाटखर्च कर्ज काढूनही उभा राहतो. परंतु तिकडे गेलेल्या मुलाने उबेसाठी कोणता कोट घातला याची चौकशी आपण आधी करावी, आणि आपली खूण त्याने अंगावर ठेवली की नाही याची नंतर. या क्रमाने विचारले, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तो मोकळेपणाने देईल.