दर्शन आणि छायाचित्र

धार आणि देवास ही पवारांची मराठी संस्थाने. तेथील जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत जी छायाचित्रे अजून टांगलेली आढळतात, ती बहुतेक 'काढवून घेतलेली' आहेत. आजोबांनी पगडी चढविली, आजींनी पदर सारखा केला, आणि मगच कॅमेऱ्याचे झाकण उघडले. आज छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यास अखेरच्या वर्षी वेगळेच सांगितले जाते. विषय बाहेर शोधू नका, आपल्या आयुष्यातून घ्या; स्मृती, घर, वार्धक्य, शोक अशी एखादी कल्पना धरून चित्रमालिका रचा. उपदेश वाईट नाही. लग्नमंडप आणि सूर्यास्त यांच्या तावडीतून कॅमेरा सुटला, हे बरेच झाले. पण कवीला आपले दुःख एकट्याने लिहिता येते. कॅमेऱ्यासमोर मात्र बहुधा दुसरे कोणी तरी बसवावे लागते. मग 'आपले' आयुष्य म्हणून विद्यार्थी जे मांडतो, ते कोणाचे?

धारच्या एका परिचित कुटुंबातून हा प्रश्न सल्ल्यासाठी आमच्याकडे आला. नातवाने आजींवर मालिका केली होती. आजींची स्मृती गेलेली. रिकामा पाट, कोरडे निरांजन, उशाशी तांब्याभांडे, ही चित्रे फारच सुंदर होती. पण आणखी तीन होती. एकात केस मोकळे, दुसऱ्यात पदर ढळलेला, तिसऱ्यात तोंडाशी आलेला घास न ओळखणारी नजर. मुलाची आत्या म्हणाली, "आईने उभ्या जन्मात डोक्यावरचा पदर सरकू दिला नाही. आता ती अशी चारचौघांत लागणार?" मुलगा म्हणाला, "काका, भिंतीवरची आजी ही नुसती पोज आहे. मी रोज जिला भरवतो, ती ही आहे."

कायदा मुलाच्या बाजूचा आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. ज्याचे काढले, त्याचा त्या व्याख्येत उल्लेखही नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला खरा. पण नातू आणि आजी यांच्यामध्ये तो निर्णय घेऊन उभे राहण्यास कोणता वकील धजेल?

आमच्या मते येथे देवळाची रीत अधिक उपयोगी पडते. आपण दर्शन 'घेतो' असे म्हणतो, पण देणारा देव असतो. कित्येक देवळांत शृंगार चालू असता, नैवेद्याच्या वेळी, गाभाऱ्याचा पडदा ओढलेला असतो. आत काही लाजिरवाणे चालले आहे म्हणून नव्हे. केव्हा आणि कशा रूपात दिसावयाचे, हा अधिकार पाहिला जाणाऱ्याचा, एवढेच त्यातून मान्य केलेले असते. आजींचा पदर ही पोज नव्हती. सत्तर वर्षांचे ते आचरण होते. त्यांची संमती आज मिळणे नाही, पण साक्षीदार बोलू शकत नसला म्हणजे त्याची पूर्वीची जबानी पाहावी लागते, आणि ती येथे स्पष्ट आहे.

तथापि मुलाचे म्हणणे एवढ्याने निकालात निघत नाही. घराण्याच्या अब्रूसाठी आपण जे जे पडद्याआड ठेवले, त्यात विधवांचे हाल किती होते! सजूनधजून बसलेल्यांचीच चित्रे काढावयाची ठरली, तर आजारपण आणि म्हातारपण जगात नाहीतच असे पुढच्या पिढीस वाटावयाचे.

१९४८ पासून देवासला राहिलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्यातील लोकगीते ऐकली आणि त्यांच्या धुनांतून राग उभे केले. गाणाऱ्या बाईचे दुःख रागात विरघळले; ती कोण, हे श्रोत्यास कळत नाही. छायाचित्राला ही सोय नाही, तेथे चेहरा उरतोच. रिकाम्या पाटाच्या चित्राने मात्र ती साधली होती. दुसरा मार्ग सहवासाचा. दयानिता सिंह यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत असता उस्ताद झाकीर हुसेन यांच्यावर प्रकल्प घेतला, त्यांच्याबरोबर कित्येक हिवाळे प्रवास केला, आणि १९८६ साली पुस्तक झाले. पुढे त्यांच्या २००१ च्या पुस्तकात दिल्लीच्या मोना अहमद यांनी आपली हकीकत स्वतःच्याच शब्दांत सांगितली.

हे सारे आम्ही त्या मुलापुढे ठेवले. त्याने मोकळ्या केसांचे आणि ढळलेल्या पदराचे, अशी दोन चित्रे काढून घेतली. घासाचे ठेवले. त्यात आजींचा चेहरा आहे, आणि कडेला घास धरलेला त्याचा स्वतःचा हातही आहे. ते काढावयास आम्ही सांगितले नाही. आत्याबाई प्रदर्शनास गेल्या नाहीत.