भूक कुणाची?

नुकत्याच जन्मलेल्या डुकराच्या पिल्लाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. वजनाच्या शंभरात एक-दोन भाग. कोकराच्या मूत्रपिंडांभोवती जन्मतः तपकिरी चरबी असते आणि तीच जळून त्याला ऊब देते. डुकराच्या पिल्लाकडे तीही नाही, म्हणून ते कुडकुडत आईला बिलगते. तीन-चार आठवडे दाट दूध प्यायले की हेच प्रमाण पंधराच्या आसपास जाते. ही वाढती चरबी म्हणजे अडीअडचणीची शिल्लक, एवढीच समजूत बराच काळ होती. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने उंदरात लेप्टिनचे जनुक शोधले आणि ती समजूत मोडली. चरबीच्या पेशी रक्तात लेप्टिन हे संप्रेरक सोडतात, साठा किती आहे हे मेंदूला कळते, आणि त्यावर भूकच नव्हे तर वयात येणेही अवलंबून असते. पुढे डुकरे, मेंढ्या, गाई यांच्यातही हेच दिसले. हाडकुळी कालवड माजावर उशिरा येते, हे गोठ्यात पूर्वीपासून माहीत होते. त्यामागचा एक निरोप्या आता सापडला.

यावरून एक निष्कर्ष फार झटकन काढला जातो: भूक ही रसायनाची करामत ठरली, तेव्हा जनावराच्या भुकेत 'कोणी' भुकेले नसते, तत्त्वज्ञ देकार्तने पशूला यंत्र म्हटले ते बरोबरच होते. पण हा पुरावा दुधारी आहे. लेप्टिन सापडण्याच्या वीसेक वर्षे आधी अमेरिकेतील मेन राज्यात डग्लस कोलमन यांनी दोन वेगवेगळ्या वंशांच्या लठ्ठ उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले, तेव्हा त्यांतल्या एकाने खाणेच सोडले आणि तो उपासमारीने मेला. जोडीदाराच्या रक्तातून आलेल्या कशाने तरी त्याची भूक विझवली होती. उंदराचे काय, म्हणून हे सोडून देता आले असते. पण १९९७ साली केंब्रिजच्या संशोधकांना दोन चुलत भावंडे आढळली, ज्यांच्या शरीरात लेप्टिन जवळपास नव्हतेच. त्यांची भूक कशानेच शमत नव्हती. त्यांतल्या मुलीला रोज लेप्टिनचे इंजेक्शन सुरू केल्यावर तिचे जेवण इतर मुलांसारखे झाले. तिची आधीची तळमळ खोटी होती, असे कोण म्हणेल? कारण सापडले म्हणून वेदना नाहीशी होत नाही. आणि माणसाच्या बाबतीत हे मान्य असेल, तर त्याच रसायनावर चालणाऱ्या डुकराच्या पिल्लाच्या बाबतीत ते नाकारायला दुसरे काही कारण दाखवावे लागेल.

ते कारण बहुधा 'मन' हे असते: माणसाला मन आहे, पशूला नुसते शरीर. इथे सांख्य दर्शनाच्या आचार्यांची मांडणी मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यांच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीचीच, म्हणजे जड सृष्टीचीच. चरबी ज्या बाजूला, मनही त्याच बाजूला. त्यामुळे मेदातून निघालेला निरोप मनात इच्छा होऊन उमटतो, यात सांख्याला नवल वाटू नये. (चरकाने अतिस्थूल माणसाची भूक वाढण्यामागे मेदच कारण सांगितला आहे. म्हणून त्याला लेप्टिन ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहावे.) यावर आक्षेप असा येईल की सांख्यांचा पुरुष, म्हणजे चैतन्य, निव्वळ साक्षी आहे, दुःख प्रकृतीत घडते, तेव्हा डुकराचे दुःख खरे कशाला मानायचे? पण मग माणसाचेही खरे उरत नाही, आणि सांख्यकारिकेची सुरुवातच त्रिविध दुःखाच्या आघाताने होते. दुःख मिथ्या असते तर ते शास्त्र लिहायचे कारणच नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. कोंबडीची चरबी सस्तन प्राण्यांसारखी लेप्टिन सोडताना दिसत नाही. मग तिची भूक या युक्तिवादाबाहेर पडते का? पडत नाही, कारण माझा आधार ते विशिष्ट रसायन नाही. भूक शरीरात घडते म्हणून ती कमी खरी ठरत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. निरोप्या वेगळा असला तरी चालेल. मात्र हे मान्य केले की अहिंसेचा प्रश्न कत्तलखान्याच्या दारापाशी थांबत नाही. मांसासाठी पिढ्यान्‌पिढ्या झटपट वाढणारी डुकरे निवडली गेली. त्या निवडीत भूकही वाढत गेली. पैदाशीसाठी राखलेल्या माद्या मात्र फार लठ्ठ होऊन चालत नाहीत, म्हणून गाभणपणी त्यांना मोजून-मापून खुराक देतात. तो काही मिनिटांत संपतो, आणि मग त्या गजांना चावत, रिकामे तोंड हलवत राहतात. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशात या माद्यांना, पहिल्या वेताच्या तरुण माद्याही त्यात आल्या, भूक भागावी आणि चघळायला मिळावे म्हणून भरड, चोथ्याचे अन्न पुरेसे द्यावे असे म्हटले आहे. त्याने चावणे कमी होते, पोटही भरते. पण चोथ्याने चरबी वाढत नाही, आणि तिच्याकडून मेंदूला जाणारा निरोप पूर्वीइतकाच क्षीण राहतो. अशी मादी तृप्त झाली असे म्हणायचे की नाही, हे तिच्या पोटाला विचारले तर एक उत्तर येईल, मेदाला विचारले तर दुसरे. आणि कायद्याने तूर्त पोटाचेच ऐकले आहे.