चार्ट भरला, पोट उपाशी

हसू नका. आत्ता साडेअकरा वाजलेत आणि या चार्टवर दुपारी 2 चं फीड चढलंसुद्धा. 200 मिली, खाली सही तुझी. मग उद्याचंही लिहून टाकायचं होतंस!

पुढे या सगळ्याजणी. आणि मागे लपलेले तुम्ही दोघेही. ही आजोबांच्या नाकातली राइल्स ट्यूब बघा. तोंडाशी गोळ्यांचा पांढरा चोथा साचलाय. गोळ्या जाडसर कुटल्या, ढकलल्या, वरून पाणी नाही. फीडच्या आधी 30 मिली आणि नंतर 30 मिली पाणी, हे पहिल्या वर्षाला घोकलेलं तिसऱ्या वर्षाला कुठे गेलं? नळी चोंदली की तुम्ही नवी घालणार, नाक सोलवटणार आजोबांचं.

नळी जठरात आहे हे कशावरून ठरवलंस? हवा मारली, स्टेथो लावला, गुडगुड ऐकली. अगं, नळी फुफ्फुसात गेली असली तरी तशीच गुडगुड ऐकू येऊ शकते! जॉन राइल या इंग्रज डॉक्टरने 1921 च्या सुमारास ही नळी वापरली ती जठरातला रस वर ओढून तपासायला. तुम्ही तिच्यातून नुसतं ओतता, ओढून बघायला मात्र विसरता. रस ओढा, पीएच बघा. 5.5 किंवा त्याखाली असेल तर ठीक. नाहीतर फीड थांबवा आणि डॉक्टरांना एक्स-रे विचारा.

आता डबा उघड. डाळीची निवळ! नळी चोंदू नये म्हणून आजोबांच्या घरच्या काकूंनी बिचाऱ्यांनी तीनदा गाळून आणलीय. त्यांना बोलायचं काम नाही, त्यांना सांगणार कोण होतं? गणित कर. वजन 60 किलो, किलोमागे निदान 25 कॅलरी, म्हणजे दिवसाला 1500. तुझी 200 मिलीची सहा फीड म्हणजे 1200 मिली. तेवढं सगळं गाईचं दूध असतं तरी जेमतेम पावणेआठशे भरल्या असत्या. अन् ही तर निवळ! पाठीवरचं बेडसोअर भरत नाही म्हणून ड्रेसिंग बदलत बसलाय. प्रथिनं कुठून येणार?

पलंगाचं डोकं कुणी खाली केलं? नातेवाइकांनी, म्हणे. डोकं 30 ते 45 अंश वर हवं, फीड संपल्यावरही निदान अर्धा तास. आडव्या माणसाला सायकलच्या पंपासारखा दट्ट्या दाबून फीड द्यायचं, ते उलटून श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया, आणि कागदावर लिहायचं ‘वयोमान’.

जिभेवर पापुद्रा धरलाय त्यांच्या. तोंडाने खात नाहीत म्हणून तोंड धुवायचं नाही? आणि हे सगळं त्यांच्या डोक्यावर उभं राहून, ‘आजोबा, जेवण देतेय हं’ एवढंही न म्हणता. गिळता येत नाही त्यांना, ऐकू येतं चांगलं.

चार्ट फाडू नकोस. त्या नोंदीवर एकच रेघ मार, ‘चुकीची नोंद’ लिही, वेळ टाक, सही कर आणि इन्चार्ज सिस्टरना दाखव. तू, डाएटिशियन मॅडमना फोन लाव. काकूंनाही बोलावून घे, त्यांच्यासमोरच ठरू दे फीडमध्ये काय जाणार ते. 2 वाजायच्या आत.