इथलं जगणं, तिथलं जगणं

मुलगा न्यू जर्सीला असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि गेलं वर्षभर तो एकाच प्रश्नावर संपतो, "आई, कायमची कधी येतेस?" तिथलं जगणं इथल्यापेक्षा चांगलं, यात त्याला वादच वाटत नाही. हवा, पाणी, रस्ते, दवाखाना, सगळं तो बोटांवर मोजून दाखवतो. मग मी माझी बोटं काढते. वडोदऱ्यात मंदिर पाच मिनिटांवर आहे, भाजी दाराशी येते, दांडिया बाजारात गेलं की मराठी कानावर पडतं. शिवाय माझं जेवण सूर्यास्ताआधीचं. डिसेंबरात तिथं साडेचारलाच दिवस मावळतो. मुलगा-सून घरी येतात अंधार पडल्यावर. दोन महिने मी चार वाजता एकटीच ताटावर बसत होते. "हे काय मोजायचं असतं, आई?" तो हसतो.

मोजायचं काय, हाच तर प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली मानव विकास अहवाल काढला, तेव्हा नुसतं उत्पन्न मोजू नका, माणूस किती जगतो आणि किती शिकतो तेही मोजा, असं मेहबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी पटवून दिलं. मोठीच गोष्ट होती ती. पण मी रोज सकाळी सयाजीबागेत फिरायला जाते आणि तिथं संकल्पभूमीजवळून जाताना हा हिशेब अडतो.

डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. कोलंबिया विद्यापीठात शिकले, पुढं लंडनला गेले आणि १९१७ मध्ये कराराप्रमाणे नोकरी करायला बडोद्याला आले. बडोदा तेव्हा मागासलेलं संस्थान नव्हतं. सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९०६ पासून राज्यभर होतं, गावोगाव वाचनालयं निघत होती. आलेल्या तरुणाकडे शिक्षण होतं, पगार होता, वयानं तो पंचविशीतला होता. आजचे तिन्ही आकडे लावून बघा, त्याचं उत्तम चाललंय असंच निघेल. फक्त त्याला राहायला खोली मिळेना. नाव बदलून तो एका पारशी धर्मशाळेत राहिला. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोड म्हणाले. दोन मित्रांना विचारलं, दोघांनी टाळलं. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत तो याच बागेत बसून राहिला. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे आपण विसरूनच गेलो होतो, असं त्यांनी नंतर लिहिलं आहे.

म्हणजे अमेरिका चांगली, आपण वाईट? इतकं सरळ नाही ते. ज्या १९१३ साली आंबेडकर तिथं पोचले, त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांना गोऱ्यांपासून वेगळं बसवायला सुरुवात झाली होती. त्या कारकुनाला विचारलं असतं तर त्यानं अमेरिकेबद्दल निराळंच सांगितलं असतं. देश एकच, पण कोणाला विचारता त्यावर उत्तर बदलतं. अनेकान्त पाठशाळेत शिकले, पण तो असा कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

हे सगळं मी मुलाला सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत एक फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता. बघायला आलेलं जोडपं चांगलं शिकलेलं, दोघंही नोकरीतलं. कमिटीतल्या एकानं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग म्हणाले, "आमच्याकडे सगळे व्हेज आहेत हं." ती बाई म्हणाली, "आम्हीही." तरी फ्लॅट मिळाला नाही. मी तिथंच बसले होते. माझ्यासारख्या जैन बाईचं नाव पुढं करून ते बोलत होते, "माजींना चालणार नाही." मी 'चालेल' म्हटलं नाही. मुंगी मरू नये म्हणून खाली बघून चालणारी मी, त्या दिवशीही खालीच बघत होते.

आणि घरातला कप. भांडी घासायला येणाऱ्या बेनचा कप पंधरा वर्षं गॅलरीच्या कट्ट्यावर वेगळा असायचा. सासूबाईंनी ठेवला, मी चालू ठेवला. न्यू जर्सीत सुनेकडे पंधरवड्यानं साफसफाईला एक बाई येते, ती टेबलाशी बसून सुनेबरोबर कॉफी पिते. सुनेला त्यात काही विशेष वाटत नाही. मला मात्र तिथली हवा-पाणी विसरून तेवढंच आठवत राहतं.

परत आल्यावर मी तो कप घासून आतल्या कपांबरोबर मांडला आणि बेनना म्हटलं, "आजथी अंदर बेसो." त्या बसल्या नाहीत. रॅकमधून स्वतःचा कप बरोबर ओळखून काढला आणि नेहमीसारख्या गॅलरीत जाऊन चहा प्यायल्या. दुसऱ्या दिवशी मी माझा चहा घेऊन बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की चहा अर्धा टाकून उठल्या.

अजून रोज बसते. रविवारी फोन आला तेव्हा तिथंच होते. मुलानं विचारलं, "मग काय ठरलं?" म्हटलं, "थांब जरा, बेनशी बोलतेय."